रिकाम्या गल्लीवर नेम

"कुणावर मारतीयास गं? तितं कुणीच न्हाई!"

मयूरी माझ्या शेजारी टायरांच्या ढिगाआड पालथी पडली होती आणि मुखवट्याच्या आतून ओरडत होती.

"कुणीच न्हाई म्हणूनच मारतीय. तू पळ."

"आगं, पण गोळ्या संपतील."

"माझ्या संपतील. तुझ्या हायत न्हवं? पळ म्हणते ना."

समोर पाण्याची जुनी सिमेंटची टाकी होती आणि तिच्या उजव्या अंगाला बांबूंची उभी रास. दोन्हींच्या मधे एक माणूस तिरका होऊन निघेल एवढी फट. त्या फटीत मी एकाच चालीनं रंगाच्या गोळ्या सोडत होते, कमरेच्या उंचीवर, एकीमागून एक. गोळ्या पलीकडच्या जाळीवर फुटत होत्या आणि जाळी पिवळीजर्द होत चालली होती. जाळीबाहेरचे बघे पोट धरून हसत होते. गुडघेवालीला, म्हणजे मला, मुखवट्यातनं दिसंना झालंय म्हणे.

हसू देत. मयूरी उठली आणि डाव्या अंगानं सुसाट निघाली. तिच्या पुढं रेहाना आधीच एका ड्रमामागं जाऊन बसली होती. त्या दोघींच्या पाठी उघड्या पडल्या होत्या आणि त्या पाठींवर रंग उडवायला यायचं तर त्या फटीतूनच यावं लागणार होतं.

मी फटीवरून नजर काढली नाही.

पेंटबॉल हा खेळ आमच्या सात पिढ्यांत कुणी खेळला नव्हता. आम्ही खो-खोच्या पोरी. कराडच्या पलीकडं नदीच्या वळणावर आमच्या संस्थेचं मैदान होतं. सकाळी सहाला आम्ही तिथं हजर. साळुंखे मॅडम शिट्टी फुंकायच्या आणि आम्ही नदीवरनं येणाऱ्या गार वाऱ्यात आठजणी एका ओळीत उकिडव्या बसायचो, एकीचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं पश्चिमेला. नववी धावायची. मग दिवाळीच्या सुट्टीत संस्थेनं ते मैदान अध्यक्षांच्या पुतण्याला, विक्रांतला, भाड्यानं दिलं. सुट्टी संपवून आम्ही येतो तर आमचे दोन्ही खांब उपटून शेडमागं टाकलेले, पाट्यांवर टायर आणि ड्रम रचलेले, चहूबाजूंनी जाळी, आणि फाटकावर हातात बंदूक घेतलेल्या माणसाचं चित्र. पुण्याहून गाड्या भरून लोक येत, एकमेकांवर रंग उडवत, मिसळ खात आणि जात.

राज्याच्या निवड चाचण्या दीड महिन्यावर होत्या. रेहाना आणि मयूरीचं नाव त्यात नक्की होतं, सराव झाला तर. माझं नव्हतं. खांबावर सूर मारताना माझा उजवा गुडघा गेला त्याला वर्ष होऊन गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, पळायचं नाही. आई म्हणाली, मग घरी बस. मी म्हटलं, बसायचंच असेल तर मैदानावर बसेन. आणि मी रोज जाऊन ओळीत शेवटच्या चौकोनात बसत होते. आठवी जागा भरायला कुणीतरी लागतंच. मला खो कुणी देत नव्हतं, आणि मीही मागत नव्हते. बाकीच्यांचं अंग मोडेपर्यंत धावून झालं, की मी उठून मागची माती झटकायची आणि घरी यायची.

रेहाना आमची कप्तान. तिला राग आला की ती ओरडत नाही, तिचा आवाज उलट बारीक होतो. मैदान गेल्याचं कळलं त्या दिवशी ती आम्हाला घेऊन सरळ विक्रांतच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"विक्रांतदादा, सकाळी सहा ते आठ मैदान आम्हाला द्या. तुमची गिऱ्हाइकं दहाच्या आत येत न्हाईत."

विक्रांत दोस्तांसोबत चहा पीत होता. एरवी त्यानं नाही म्हटलं असतं आणि विषय संपला असता. पण दोस्त बघत होते, आणि चारचौघांत बढाई मारायची त्याला भारी हौस.

"फुकट कसं देणार?" तो म्हणाला. "खेळा की आमच्याशी. पाच-पाच जण, तीन डाव. जिंकलात तर सकाळचं मैदान तुमचं. हरलात तर इकडं पुन्हा तोंड दाखवायचं न्हाई."

"चालंल," रेहाना म्हणाली. एवढ्या बारीक आवाजात की त्याला ते दोनदा विचारावं लागलं.

साळुंखे मॅडम संस्थेच्या नोकरीत. त्यांना उघड काही बोलता येत नव्हतं. डाव ठरले होते त्या रविवारी त्या आल्या, जाळीबाहेर छत्री उघडून बसल्या आणि म्हणाल्या, "मी फक्त बघायला आलेय."

खेळ साधा होता. दोन टोकांना दोन ड्रम, प्रत्येक ड्रमवर एक झेंडा. समोरच्यांचा झेंडा उपटला की डाव जिंकला. अंगावर रंग फुटला की हात वर करून बाहेर. मुखवटा मैदानात काढायचा नाही. बाकी मग लपा, पळा, मारा.

आम्हाला वाटलं, हे तर आपलंच. एकीनं पुढं जाऊन बसायचं, मागच्या पोरीला खो द्यायचा, तिनं उठून तिच्याही पुढं जायचं. पहिल्या डावात तसंच चालू केलं. रेहाना ओरडायची, "खो!" की मयूरी उठून पळायची. मयूरी ओरडायची, की तिसरी उठायची. मोठ्या झोकात आम्ही निम्मं मैदान पार केलं.

आणि मग पलीकडून विक्रांत ओरडला, "खो!"

पुरुषाचा जाड आवाज. कुणाचा आहे हे कळायला काही अवघड नव्हतं. पण वर्षानुवर्षं रोज सकाळी तो एक शब्द कानात गेला की आमचे पाय डोक्याला विचारत नाहीत. मयूरी उठली. तिच्यामागं आणखी दोघी उठल्या. तिघीही उघड्यावर, आपण का उठलो हे न कळून उभ्या. पाच बंदुका एकदम वाजल्या. माझेही पाय उठले होते, पण गुडघ्यानं दगा दिला म्हणून मी खाली राहिले. रेहाना एकटी काय करणार. तो पैलवान, म्हणजे विक्रांतचा धिप्पाड दोस्त, टाकी आणि बांबूंमधल्या फटीतून निघाला, तिच्या पाठीवर रंग फोडून पुढं आला, आमचा झेंडा उपटला आणि डाव संपला.

त्यांना इतकं हसू लोटलं की एकजण टायरावर बसून मांड्या बडवत होता. मग जाळीबाहेरची मंडळीसुद्धा "खो, खो" करायला लागली. मयूरीनं मुखवटा न काढताच बाहेर जाऊन तोंड फिरवलं. मुखवटा होता म्हणून बरं, नाहीतर सगळ्यांनी तिला रडताना पाहिलं असतं. माझ्या डोक्यात तर तिडीक गेली होती. आमचा शब्द घेऊन आम्हालाच बडवलं होतं त्यांनी.

पाणी प्यायला आम्ही जाळीजवळ गेलो. मॅडम छत्रीखालून नदीकडं बघत होत्या.

"मॅडम, काय करू?" मी विचारलं. "मी डोकं दिसंल तितं मारते. एक लागत न्हाई. तवर त्यो पैलवान फटीतनं येतो."

"मी काही सांगणार नाही," मॅडम म्हणाल्या. "मला आपली आट्यापाट्यांची आठवण येतेय. लहानपणी खेळलीस ना गं? पाटी धरणारा काय करतो? माणसाच्या मागं धावतो?"

"न्हाई. पाटीवरच राहतो."

"का?"

"पाटी सोडली की सगळेच निघून जातात."

"हं," मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा नदीकडं बघायला लागल्या. नदीत बघण्यासारखं काहीही नव्हतं.

मी पोरींना गोळा केलं. आता डावात तोंडानं कुणी काही बोलायचं नाही, म्हटलं. मी त्या फटीत मारत राहणार. माझ्या बंदुकीचा आवाज चालू आहे तोवर उजवीकडून कुणी येत नाही असं समजा आणि डावीकडून बिनधास्त पळा. आवाज थांबला की जिथं असाल तिथं आडोशाला बसा. मयूरीला ते पटलं नव्हतं. म्हणूनच ती दुसऱ्या डावात माझ्या शेजारी पडून विचारत होती, की कुणावर मारतीयास.

ती डावीकडून पळाली तेव्हा पैलवान टाकीमागं आला होता. त्याला वाटलं, ही लंगडी काय मारणार, एका उडीत पलीकडं जाऊ. त्यानं उडी मारली आणि माझ्या तीन गोळ्यांवर स्वतःच जाऊन आदळला. मी त्याला मारलं असं म्हणणं खोटं होईल. मी त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हते. तो छातीवरचा पिवळा रंग बघत उभा राहिला आणि म्हणाला, "च्यायला, हे कुठनं आलं?" तेवढ्यात मयूरीनं झेंडा उपटला होता.

एक-एक झालं. आता कुणी हसत नव्हतं. जाळीजवळ दोन-तीन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या, मिसळ करणाऱ्या. त्यातली एक मला म्हणाली, "पोरी, धर त्याला."

तिसऱ्या डावाआधी विक्रांत दोस्तांना घेऊन बराच वेळ कुजबुजत होता. मधून मधून माझ्याकडं बोट दाखवत होता. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. गुडघा ठणकत होता आणि दुसऱ्या डावात पालथं पडून कोपरं सोलली होती. पण त्या भीतीत एक गोडी होती. वर्षभरात माझ्याकडं बोट दाखवून कुणी काही ठरवलंच नव्हतं.

डाव सुरू झाला. मी टायरांआड पडले आणि फटीत गोळ्या सोडायला लागले. रेहाना निघाली, मयूरी निघाली. बाकीच्या दोघी पुढं जाता जाता बाद झाल्या, पण जाताना समोरच्या दोघांना घेऊन गेल्या. पैलवान टाकीमागं होता. त्याच्या बुटाचं टोक मला दिसत होतं. तो वाट बघत होता. मी कधी थांबते याची.

मग विक्रांत उघड्यावर आला.

माझ्या समोर, जरा डावीकडं, बंदूक खाली सोडून, दोन्ही हात पसरून तो उभा राहिला. इतक्या जवळ की आंधळ्यानं मारलं तरी लागावं.

"ए गुडघेवाली! रिकाम्या फटीत काय मारतीस? मी हाय की हितं. मार! आयतं मिळतंय ते घे!"

आज सांगते, त्याला मारावं असं मला जितकं वाटलं तितकं आयुष्यात काहीच वाटलेलं नाही. खांब उपटणारा हा. खो म्हणून हसणारा हा. मयूरीला रडवणारा हा. बंदूक वीतभर डावीकडं वळवायची होती फक्त. जाळीबाहेरून लोक ओरडत होते, मार, मार. ती मिसळवाली बाईसुद्धा ओरडत होती.

पण रेहाना आणि मयूरी मैदानाच्या मधोमध होत्या, पाठ फटीकडं करून. त्या मागं वळून बघत नव्हत्या. मी सांगितलं होतं, आवाज चालू असेल तोवर पळा.

मी फटीत मारत राहिले.

"आगं, बघ की हिकडं!" विक्रांतचा आवाज चिडका झाला. "बहिरी हायस काय?"

मी फटीत मारत राहिले. त्यानं बंदूक उचलली. ते मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं आणि मी घोड्यावरचं बोट सोडलं नाही. त्याची गोळी माझ्या मुखवट्यावर फुटली, सगळं जग लाल झालं, आणि माझी बंदूक थांबली. मी हात वर केला. आता पैलवान निघाला असेल, एवढंच डोक्यात होतं. पावलं धाडधाड वाजली. कुणाची ते कळेना. मी लाल काळोखात हात वर करून बसले होते आणि कान तेवढे उघडे होते.

मग मयूरीची किंकाळी आली. ती जिंकल्यावर कशी ओरडते ते आख्ख्या तालुक्याला माहीत आहे.

बाहेर येऊन मुखवटा काढला तेव्हा कळलं. पैलवान निघाला होता, पण माझी शेवटची गोळी सुटेपर्यंत तो निघायला धजला नव्हता, आणि तेवढ्या वेळात मयूरीचा हात झेंड्याला लागला होता. मी बाद, झेंडा राखणाऱ्या गड्याच्या गोळीनं रेहाना बाद, आणि डाव आमचा.

विक्रांत माझ्याजवळ आला. "मी पुढ्यात उभा होतो. मारलं का न्हाईस?"

"तुम्ही कुटं चालला होता?" मी म्हणाले.

त्याला काही कळलं नाही.

रेहाना पुढं झाली. "उद्यापासनं सहा वाजता येतो आम्ही."

विक्रांत हसला. आधी थोडं, मग दोस्तांकडं बघून जास्त. "आगं पोरीनू, गंमत होती ती. खरंच वाटलं व्हय तुमाला? सकाळचं मैदान मोकळं ठेवायचं म्हंजे काय खायचं काम हाय? आणि तुमाला काय कागदावर लिहून दिलं होतं का?"

साळुंखे मॅडमनी छत्री मिटली. आणि त्या फाटकाकडं चालायला लागल्या. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या घरी त्या एकट्याच कमावत्या होत्या.

परतताना आम्ही नदीच्या पुलावर आलो. मयूरीच्या केसांत निळा रंग वाळला होता. ती म्हणाली, "जिंकून काय उपेग? तेवढा एक मारायचास तरी त्याला. जिवाला गार वाटलं असतं."

"त्याला मारून काय झालं असतं? कापडं धुतली की गेला रंग," मी म्हणाले. "त्याला मारायचंच न्हाई. त्याची वाट अडवून धरायची. उद्या, परवा, रोज."

"कशानं? बंदुका त्याच्या, गोळ्या त्याच्या."

"आपल्याला बसायला कुठं बंदूक लागती?"

रेहाना चालता चालता थांबली. मग तिनं बारीक आवाजात विचारलं, "किती जणी येतील?"

सगळ्या आल्या.

दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप होतं, म्हणून नदीकडून, जिथं जाळी सैल होती तिथून आम्ही आत शिरलो. शेडमागचे खांब आणून जुन्या खड्ड्यांत रोवले. टायर ढकलून बाजूला केले. फक्कीनं पाट्या आखल्या. आणि आठजणी ओळीनं उकिडव्या बसलो, एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला. मी माझ्या शेवटच्या चौकोनात. तिघी बचावाला उभ्या राहिल्या. रेहाना धावायला.

कुणीतरी विक्रांतला फोन केला असणार. तो पैलवानाला मागं बसवून मोटारसायकलवर आला, कुलूप काढलं आणि थेट पाट्यांवर येऊन उभा राहिला.

"उठा," तो म्हणाला.

कुणी हललं नाही.

"उठा म्हणतो ना. आज नऊलाच कंपनीची माणसं खेळायला यायचीत. काकांना बोलवू का?"

"बोलवा," रेहाना म्हणाली. "आठला आमचा सराव संपतो. मग उठतो."

त्याला काय करावं कळेना. बाराजणींना उचलून बाहेर टाकता येत नाही, तेही नदीवर अख्खं गाव धुणं धुवायला आलेलं असताना. पुलावर दोन-चार सायकली थांबल्या होत्या. आणि मग त्याला काय आठवलं कुणास ठाऊक, तो पैलवानाकडं बघून हसला, तोंडाला हात लावून आमच्या कानाशी ओरडला, "खो!"

माझ्या शेजारी मयूरी होती. तिच्या खांद्यात एक झटका आला तो मी पाहिला. तिची बोटं मातीत रुतली. पण ती उठली नाही. कुणीच उठलं नाही. आठही पाठी जिथल्या तिथं.

"खो! खो! आगं, खो!"

पैलवान हसत नव्हता. तो म्हणाला, "विक्या, ऱ्हाऊ दे."

रेहाना विक्रांतच्या समोर येऊन थांबली. "विक्रांतदादा, खो लांबनं ओरडून देत न्हाईत. पाठीवर हात ठेवून देतात. आणि त्याला आपला गडी लागतो."

ती वळली आणि धावली. मयूरीला ओलांडून पुढं आली, आणि वर्षभरात पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात पडला. तळवा पुरा, घामट, गरम.

"खो," रेहाना माझ्या कानात म्हणाली.

गुडघा बोंबलला. मी उठले आणि निघाले. खो मिळालेल्या गड्याला थांबता येत नाही, मागं वळता येत नाही, आणि माझ्या बरोबर समोर विक्रांत उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही. मी त्याच्यामागच्या खांबाकडं बघत धावत होते.

तो बाजूला झाला.